दहाचं नाणं चालतंच

२ जून, सोमवार

रिटायर झाल्यानंतरचा पहिला सोमवार. ऑफिसातून अजून फोन नाही. येईल. माझ्याशिवाय आवक-जावक कपाट कोणाकडून उघडत नाही.

ही डायरी निरोप समारंभात मिळाली. फक्त स्वतःसाठी लिहायची. कोणी वाचणार नाही, त्यामुळे सगळं खरं लिहिता येईल.

संध्या म्हणते, आता आराम करा. पस्तीस वर्षं तेच तर करत आले असं काहीसं पुटपुटली, पण कुकरची शिट्टी झाली. नीट ऐकू आलं नाही.

समाजाला माझ्या अनुभवाची गरज आहे. फक्त कुठे, ते ठरायचं आहे.

५ जून

ठरलं.

पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो होतो. कॅशियर प्रत्येकाला विचारत होता, दहाची नाणी घेता का. रांगेतले सगळे दोन पावलं मागे सरकत. कारण काय, तर अमरावतीत दहाचं नाणं चालत नाही. कोणी म्हणतं बंद झालं, कोणी म्हणतं डुप्लिकेट आहे. खरं तर नाणं पूर्ण वैध आहे. रिझर्व्ह बँकेने कितीदा सांगितलं. पण पेपर वाचतो कोण.

मी दोन पिशव्या घेतल्या. त्या दिवशी काढलेले सगळे पैसे नाण्यांत. कॅशियर स्वतः उठला आणि पिशव्या दारापर्यंत घेऊन आला. ऑटोत ठेवून दिल्या. ऑटो सुटेपर्यंत उभा होता. एवढा मान मला ऑफिसात कधी मिळाला नाही.

प्लॅन: उद्यापासून खरेदीला नोट बंद. फक्त नाणं. पोळ्यापर्यंत आपलं गाडगेनगर, दिवाळीपर्यंत अख्खी अमरावती.

संध्याने पिशवी उचलून पाहिली. म्हणाली, हे कोण घेईन?

म्हटलं, पाहत राहा.

६ जून

सुरुवात मनोजपासून. मनोज म्हणजे आपला किराणावाला. त्याच्या वडिलांपासून आपलं खातं. त्यामुळे सोपं जाईल असा अंदाज होता.

पोहे, तेल, शेंगदाणे काउंटरवर ठेवले. नाणी काढली. मनोज म्हणे, काका, हे चालत नाई.

मी म्हटलं, कायद्याने चालतं.

तो म्हणे, कायद्यानं चालते. पण चालत नाई.

मी त्याला विषय मुळापासून समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकलं. मध्ये त्याने चार-पाच गिऱ्हाइकं केली, पण लक्ष माझ्याकडेच होतं. शेवटी म्हणाला, बराबर आहे काका, पण मी हे पुढं कोणाले देऊ? पोहे परत डब्यात गेले.

घरी रिकाम्या हाताने आलो. संध्याने उपमा केला. उपमा पोह्यांपेक्षा पचायला हलका असतो.

७ जून

पंचफुलाबाई. सकाळी भाजीची गाडी घेऊन येते. सांभाराची जुडी, म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी घेतली. तिने नाणं उन्हात धरून उलटंपालटं पाहिलं. म्हणे, यावर दहाच रेघा आहेत. चालते ते पंधरा रेघावालं.

पिशवीतून पंधरा रेघांचं शोधून दिलं. ते पाहून म्हणाली, आता हेबी चालत नाई म्हणतात.

कोण म्हणतात, विचारलं. तिने चौकाच्या दिशेने हात केला.

चौकात जाऊन आलो. तिथे कोणीच नव्हतं.

९ जून

आयडिया. रिझर्व्ह बँकेच्या पत्रकाची प्रिंट काढून लॅमिनेट केली. सरकारी कागद प्लास्टिकमध्ये गेला की त्याला वजन येतं, हा माझा नोकरीतला अनुभव.

लॅमिनेशनवाल्याला नाणी दिली. घेतली नाहीत. त्याला पत्रक दाखवलं, जे त्यानेच आत्ता लॅमिनेट केलं होतं. तरी नाही. मग नोट दिली.

हा अपवाद धरायचा नाही. ही मोहिमेतली गुंतवणूक आहे.

१२ जून

पंचफुलाबाईला लॅमिनेटेड पत्रक दाखवलं. तिने गाडी सावलीत घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. शेजारच्या दोघी थांबून ऐकत होत्या. जनजागृती झाली.

वाचून झाल्यावर म्हणाली, बराबर लिवलं आहे. आता नोट द्या.

१५ जून, रविवार

डावपेच बदलला. आधी माल पोटात, मग पैसे.

गिला वड्याच्या गाडीवर गेलो. गाडीवाला श्याम, चांगला पोरगा. दोन प्लेट खाल्ल्या, वर दही जास्त घेतलं. मग नाणी पुढे केली. आता वडा परत करता येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. नाण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणे, जाऊ द्या काका, नंतर देजा.

एक प्रकारे स्वीकारच. नाणं त्याने तत्त्वतः नाकारलं नाही.

रात्री अॅसिडिटी.

२० जून

इतवारा बाजारात गेलो, जवाहर गेटला गेलो. सगळीकडे तेच. लोक वाद घालत नाहीत, ही अडचण आहे. हो हो म्हणतात आणि नोट मागतात.

निष्कर्ष: माझ्या खिशात नोट आहे, हे त्यांना वासाने कळतं. कमकुवतपणा माझ्यातच होता. आजपासून खिशात एकही नोट नाही. फोनवर पैसे मी ठेवत नाहीच. माणसाने मागे परतायची वाट ठेवू नये.

२५ जून

उद्या अकोल्याला. संध्याची मोठी बहीण भागीरथाताई यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. हॉस्पिटल जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. ताई एकट्या राहतात. घाबरल्या आहेत. संध्याला म्हणाल्या, आत नेण्याच्या आधी तुया हात धरला म्हणजे झालं, मंग मले काई वाटत नाई.

सगळा खर्च मी करणार, असं जाहीर केलं. संध्याला पर्स घरीच ठेवायला लावली. हॉस्पिटलात पाकीटमारी फार. ती म्हणाली, थोड्या नोटा राहू द्या ना जवळ. मी म्हटलं, अकोला म्हणजे व्यापारी शहर. तिथे लोकांना पैशाची ओळख आहे.

२६ जून, अकोला

कंडक्टरने नाणी घेतली. नुसती घेतली नाहीत, मोजून खूश झाला. म्हणे, सुट्ट्याचे वांधेच आहेत काका, अजून असतील तर द्या. मूर्तिजापूरपर्यंत मी खिडकीत बसून पुढच्या टप्प्याचा विचार करत होतो. अकोल्याबद्दल माझा अंदाज बरोबर ठरत होता.

बसस्टँडबाहेर ऑटो. पहिल्याने नाही म्हटलं. दुसऱ्यानेही. तिसरा जरा विचारी होता, म्हणून त्याला पत्रक दाखवलं. आणखी तीन-चार ऑटोवाले जमले. चांगली चर्चा झाली. एकाने तर मान्य केलं की नाणं खरं आहे. तो फक्त दुसऱ्या दिशेला जाणार होता. संध्या दोनदा मध्ये बोलली, अहो, चला. मी म्हटलं, एक मिनिट, इथे निकाल लागतोय.

निकाल लागता लागता मागे वळून पाहिलं तर ती नव्हती. ताईंसाठी आणलेला डबा घेऊन पायीच निघाली होती. पुलावर गाठलं. पदराने तोंड पुसत होती, थांबली नाही.

पोचलो तेव्हा ताईंना आत नेलं होतं. नर्स म्हणाली, त्या दोनदा विचारत होत्या, संध्या आली का म्हणून. डॉक्टर थांबत नाहीत ना.

संध्या बाकावर बसली. डबा मांडीवर तसाच. मीही बसलो. मी म्हटलं, ऑपरेशन साधं असतं, वीस मिनिटांचं काम. ती आतल्या दाराकडे पाहत होती.

ऑपरेशन छान झालं. म्हणजे उशीर होऊन काही बिघडलं नाही. डोळ्यात घालायच्या थेंबांचे पैसे ताईंच्या पिशवीतून गेले.

संध्या म्हणाली, तुमी जा घरी. मी इथं थांबून राहीन. ताईलेबी भेटू नका, झोपू द्या तिले.

एकंदर दौरा यशस्वी. कंडक्टरने घेतली.

२९ जून

घरी एकटा. हॉटेलवाला नाणी घेत नाही. खानावळवाला म्हणतो महिन्याचे एकदम द्या, नोटांत. दोन दिवस कच्चा चिवडा. कच्च्या चिवड्याचं महत्त्व आपण विसरलो आहोत.

संध्याला फोन केला. ताई कशा आहेत, विचारलं. बरी आहे, म्हणाली. आणि पुढे काही नाही. रेंज नसावी.

२ जुलै

संध्या परत आली. चालत निघून गेल्याबद्दल मी तिला काही बोललो नाही. मोठेपणा ठेवला.

जेवताना तिने विचारलं, हे कुठवर चालीन? मी म्हटलं, अमरावती घेईपर्यंत. ती बरं म्हणाली. भांडी घासली. मग पिशवी घेऊन बाहेर गेली, मनोजकडे काम आहे म्हणे. घरात तर काही संपलं नव्हतं.

५ जुलै

आजची तारीख लक्षात ठेवण्यासारखी.

मनोजने नाणी घेतली. वाद नाही, प्रश्न नाही. पत्रक काढायला खिशात हात घातला तर म्हणाला, राहू द्या काका, द्या इकडं. गल्ल्याशेजारी एक वेगळा डबा केला आहे त्याने, त्यात टाकली. वेगळा डबा. म्हणजे धोरण म्हणूनच स्वीकार झाला आहे.

पुढे पंचफुलाबाई. तिनेही घेतली. रेघा मोजल्या नाहीत. फक्त हसली. तिचं हसू मोकळं आहे, हे एवढ्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं.

एक महिना. फक्त एका महिन्यात शहर बदलतं. चिकाटी हवी.

९ जुलै

श्यामने घेतली, मागचे पैसेसुद्धा मिटले म्हणाला. कसे मिटले विचारलं तर वड्यात गुंतला. आमच्या गल्लीतला ऑटोवालाही घेतो. मात्र राजकमल चौकातले घेत नाहीत. म्हणजे जागृती घरापासून बाहेर पसरते आहे. लाट अशीच जाते.

संध्या या महिन्यात घरखर्चाला नोटा जास्त मागते. महागाई.

१२ जुलै

एक गोष्ट समजत नाही. रोज मूठभर नाणी जातात, पण पिशवी आहे तेवढीच. माझा हिशेब चुकण्याचा प्रश्न नाही. बँकेनेच जास्त दिली असावीत. कॅशियर त्या दिवशी भारावला होता.

१४ जुलै

शास्त्रीय पद्धत. रंगाच्या जुन्या डबीतून पाच नाण्यांना तिळाएवढा लाल ठिपका दिला. मनोजला दिली. आता पाहू, शहरात कुठवर जातात.

१६ जुलै

विलक्षण. ठिपक्याची तीन नाणी माझ्याच पिशवीत. म्हणजे मनोजकडून गिऱ्हाइकाकडे, गिऱ्हाइकाकडून आणखी कोणाकडे, आणि फिरत फिरत पुन्हा माझ्याकडे. दोन दिवसांत. सुट्टे म्हणून आली असतील. मी सुट्टे घेतल्याचं आठवत नाही, पण माणूस रोजच्या गोष्टी लक्षात ठेवत नाही.

चलन फिरतं म्हणजे काय, याचा हा जिवंत पुरावा. संध्याला सांगितलं. ती सांभार निवडत होती. मान खाली घालून खूप वेळ निवडत राहिली. खांदे हलत होते. तिला सर्दी लवकर होते.

२० जुलै, रविवार

ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष वामनराव यांना भेटलो. पुढच्या रविवारी मनोजचा जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. पहिला दुकानदार म्हणून. त्याआधी माझं भाषण, विषय 'मी आणि दहाचं नाणं'. वामनरावांनी विचारलं, किती वेळ? म्हटलं, थोडक्यात. ते म्हणे, चहाच्या आधी संपवजा म्हणजे झालं.

मनोज तयार नव्हता. म्हणे, मले कायले काका, मी काईच केलं नाई. विनम्र माणूस. माणसं मोठी होतात ती अशी.

संध्याही म्हणाली, जाऊ द्या ना, काहून त्या पोराले त्रास देता. तिला माझं कौतुक चारचौघांत झालेलं आवडत नाही. संकोच वाटतो. मी समजू शकतो.

२७ जुलै

कार्यक्रम झाला.

हॉल भरला होता. भाषण बरं झालं. ठिपक्याच्या नाण्याचा प्रसंग सांगितला तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज झाली, मला वाटलं भारावले. मग मनोजला शाल घातली. वामनराव म्हणाले, दोन शब्द बोल.

मनोज माइकजवळ गेला. खूप वेळ नारळाकडे पाहत होता. मग म्हणाला, मले खोटं बोलणं जमत नाई. सत्कार करायचा तर काकूचा करा. काका दुपारी नाणी देऊन जातात, काकू संध्याकाळी येऊन नोटा देतात आन नाणी घेऊन जातात. माह्याकडून, पंचफुलाबाईकडून, श्यामकडून, ऑटोवाल्याकडून. सगळ्याइकडून. ठिपकावालेबी त्यायनंच नेले. काका, माफ करजा, काकूनं शपथ घातली होती.

शाल काढून त्याने घडी केली आणि माझ्या हातात दिली.

कोणीतरी हसलं. मग वामनराव हसले. मग सगळेच. वाईट हसू नव्हतं ते, हे मुद्दाम लिहून ठेवतो. पण खूप वेळ चाललं.

सूत्रसंचालकाने विचारलं, तुम्हाला काही बोलायचं आहे का. मी माइकवर म्हणालो, नोटेड.

चहा न घेता आलो.

२८ जुलै

तब्येत बरी नाही.

३० जुलै

संध्याला विचारलं. असं का केलं म्हणून.

ती म्हणाली, ताई दोनदा विचारून आत गेली. तिच्या हाताले माया हात नाई भेटला. त्या दिवशी बाकावर बसून ठरवलं, का तुमच्या नाण्यापायी आता कुठंच उशीर होऊ द्यायचा नाई. तुमाले भांडायले वेळ आहे. मले नाई.

मग आवाज खाली घेऊन: आन तुमी रोज पडेल तोंडानं घरी येत. उपमा खात. तेबी पाहवत नोतं.

मी विचारलं, मग मला सांगायचं ना.

म्हणे, सांगितलं असतं तर मलेबी पत्रक वाचून दाखवलं असतं.

शाल कपाटात ठेवायला गेलो तर ती म्हणाली, इकडं द्या, हिवाळ्यात ताईले होईन.

नंतर विचार केला. एका अर्थाने मोहिमेला घरातूनच पाठिंबा होता. पण हा विचार पूर्ण केला नाही. पुलावर ती तोंड पुसत होती ते आठवलं. घाम होता असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

५ ऑगस्ट

नाणी परत करायला बँकेत गेलो. तोच कॅशियर. मला दारातून पिशव्यांसह येताना पाहून जेवायला गेला. बँक नुकतीच उघडली होती.

थांबलो. तो आलाच नाही. पिशव्या परत घरी. या वेळी ऑटोपर्यंत कोणी आलं नाही.

१२ ऑगस्ट, अकोला

ताईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन. मी येऊ का, म्हणून संध्याला विचारलं. ती म्हणाली, पर्स मायाजवळ राहीन. मी म्हटलं, राहू दे.

बसस्टँडवर पहिल्याच ऑटोत बसलो. पत्रक आणलं नव्हतं. हॉस्पिटलपाशी उतरलो. संध्या पर्स उघडत होती, पण सवयीने माझा हात आधी खिशात गेला. तीन नाणी निघाली. तशीच पुढे केली, आणि मग लक्षात आलं की आता सुरू होणार. संध्या थांबली. मीही हात तसाच पुढे धरून उभा.

ऑटोवाल्याने नाणी घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली. पाहिलंसुद्धा नाही.

मी विचारलं, बाईंनी काही सांगितलं होतं का तुम्हाला?

तो म्हणे, कोणत्या बाईनं?

मी संध्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, मी नाई.

मी विचारलं, चालतं हे तुमच्याकडे?

म्हणे, पैसेच आहेत ना काका. उतरा लवकर, मांगं गाड्या थांबून राहिल्या.

आणि गेला. भाषण अख्खं पाठ होतं. ते घेऊन मी रस्त्यावर उभा. काय वाटलं ते नक्की लिहिता येत नाही. आनंद व्हायला हवा होता.

संध्या पुढे गेली होती. ताईंना आत न्यायला वेळ होता. दोघी हातात हात घालून कॉटवर बसल्या. मी पायाशी उभा राहिलो, मागच्या वेळचं काहीतरी बोलावं म्हणून घसा साफ केला. जूनमध्ये ताईंची-माझी भेट झालीच नव्हती. त्यांनी नव्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, आता रागावतात.

म्हणाल्या, जावईबुवा, तुमी तर पार म्हातारे झाले. संध्ये, तू काई बोलली नाई मले.

संध्या म्हणाली, मी कायले सांगू. त्यायले तरी कुठं माहीत आहे.

दोघी हसायला लागल्या. ताईंना हसताना पाहून नर्ससुद्धा हसली.

वॉर्डात ट्यूबलाइट होती. ट्यूबलाइटखाली कोणीही तसाच दिसतो.